माल हातात नसताना

तळोद्यात मला अजूनही काही जणी ‘फोटोवाली ताई’ म्हणतात. नवख्या माणसाला वाटतं, माझा फोटो स्टुडिओ असावा. तसं काही नाही. दहाएक वर्षं मी मोबाइलवर साड्या, कुर्ते, चादरी, चपला, मिक्सरची भांडी आणि एकदा तर सागवानी देव्हारासुद्धा विकला. यातलं जवळपास काहीच मी हातात धरून पाहिलं नव्हतं. मी फोटो दाखवायचे आणि माल कुठून तरी परस्पर गिऱ्हाइकाच्या घरी जायचा.

मूळचा माझा धंदा फॉल-पिकोचा. आमचे हे एसटीत वाहक. ते ड्युटीवर गेले की मी ओट्यावर मशीन मांडायचे. एकदा एक मास्तरीणबाई फॉल लावायला सुंदर साडी घेऊन आल्या. कुठून घेतली विचारलं तर म्हणाल्या, फोनवरून. त्यांनीच मला एका ग्रुपमध्ये घातलं. तिथे रोज सकाळी शे-दीडशे फोटो यायचे. त्यातले मला आवडतील ते निवडायचे, वर आपला थोडा नफा चढवायचा आणि आपल्या ओळखीच्या बायकांच्या ग्रुपवर टाकायचे. कुणी हो म्हटलं की तिचा पत्ता वर पाठवायचा. पार्सलवर दुकानाचं नाव नसायचं, त्यामुळे गिऱ्हाइकाला वाटायचं ताईनेच पाठवलं.

वर म्हणजे कुठे, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. मी समजत होते की सुरतेत एक मोठा व्यापारी आहे आणि तोच मला फोटो पाठवतो. प्रत्यक्षात व्यापारी आणि मी यांच्यात चार-पाच जण असायचे, आणि त्यातल्या कुणाकडेच माल नसायचा. एकदा मीच टाकलेला फोटो चौथ्या दिवशी दुसऱ्या ग्रुपवरून माझ्याकडे परत आला, माझ्यापेक्षा महाग होऊन. खाली लिहिलं होतं, ‘रेडी स्टॉक, लवकर बुक करा’. तेव्हा मी खूप हसले. मीही तेच दोन शब्द रोज लिहीत होते, हे त्या हसण्यात माझ्या लक्षात आलं नाही.

ह्यांच्या आत्या आमच्याकडे राहायच्या. त्या ओट्यावर बसून माझा धंदा बघायच्या. एकदा त्यांनी अहिराणीत विचारलं, “हातमा काहीच नही, मंग काय इकी ऱ्हायनी तू?” मी त्यांना सगळी साखळी समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला.

तक्रारी यायच्याच. “फोटोमा लाल व्हती, घर येईसन तपकिरी कशी व्हयनी?” अशी एक तरी बाई आठवड्याला असायची. मी साडी परत घ्यायचे, गोड बोलायचे, पुढच्या वेळी कमी भाव लावायचे. बायका रागवायच्या आणि पुन्हा घ्यायच्याही.

सारंगखेड्याच्या एका घोडेवाल्या काकांनी जत्रेसाठी घोड्याची झूल मागवली होती. फोटोत मखमल, जरीची किनार, गोंडे, सगळं झकास. झूल जत्रेच्या दोन दिवस आधी पोचली. माणूस तापट म्हणून प्रसिद्ध. फोन आला तो हसतच. म्हणाले, “ताई, घोडाले नही बसनी, पन बकरीले बराबर बसनी. आते मी बकरीच लई जास जत्रामा.” मागोमाग फोटो आला. झूल पांघरलेली बकरी खरंच ऐटीत उभी होती. फोटोत माप दिसत नाही, हा धडा मी तेव्हाच शिकायला हवा होता. मी फक्त सुटले म्हणून देवाला हात जोडले.

माणसाला साडी तपकिरी आली तर तो दोन दिवस चरफडतो आणि विसरतो. म्हणून माझं इतकी वर्षं निभावलं. निभावलं नाही ते एकदाच, आणि तेच मला इथे सांगायचं आहे.

एका हिवाळ्यात तळोद्याला अंगणवाडी सेविकांचं प्रशिक्षण होतं. त्यांच्या मुख्यसेविका माझ्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांनी एका संध्याकाळी त्या सेविकांतल्या एका मुलीला माझ्याकडे पाठवलं. नाव बबिता. काठी गावाच्या पलीकडे डोंगरात तिचा पाडा होता आणि कामाला तिच्याकडे असे पाच पाडे होते. वय पंचविशीचं. घरी भिली बोलणारी, त्यामुळे माझ्याशी ती शाळेतलं मराठी बोलायची, प्रत्येक शब्द नीट पूर्ण करून.

ती ओट्याच्या तीन पायऱ्या चढली तेव्हाच मला दिसलं. उजवा पाय आखूड होता. लहानपणी मांडीचं हाड मोडलं, दवाखान्यापर्यंत न्यायला दोन दिवस लागले, हाड आखूडच जुळलं. तिच्या वडिलांनी उजव्या चपलेला खाली टायरचे तुकडे खिळ्यांनी ठोकून दिले होते. चपलेवर चपला रचाव्यात तसं ते दिसत होतं.

तिने मला तिच्या फोनवर एक फोटो दाखवला. काळे बूट, त्यातल्या एकाचा तळ चांगला जाड.

“ताई, असा बूट खरंच असतो का?”

“असतो म्हणून तर फोटो आहे,” मी म्हणाले.

हे वाक्य मला पुढे फार दिवस टोचत राहिलं.

तिची अडचण साधी होती आणि मोठीही. उन्हाळ्यात टायरची चप्पल चालायची. पावसाळ्यात उतारावर टायर घसरायचा. मागच्या पावसाळ्यात ती दोनदा पडली होती. एकदा मुलांना तोलायचा वजनकाटा तिच्याबरोबर घरंगळत ओढ्यापर्यंत गेला. लांबच्या दोन पाड्यांवर तिला तीन महिन्यांत एकदाच पोचता आलं. मुख्यसेविकांनी तिला सांगितलं होतं, “यंदाही असंच झालं तर ते दोन पाडे मला दुसऱ्या कुणाला तरी जोडावे लागतील.” त्या मनाने वाईट नव्हत्या, त्यांनाही वर उत्तर द्यावं लागायचं.

“दुसरी कोणी जाणार नाही, ताई,” बबिता म्हणाली. “ते पाडे फार लांब आहेत. कागदावर जोडतील फक्त.”

मी माझ्या सगळ्या ग्रुपवर तो फोटो फिरवला. दुसऱ्याच दिवशी एकाचा निरोप आला, ‘रेडी स्टॉक’. मी माप विचारलं, तो म्हणाला हवं ते माप मिळेल. बबिताने घरी जाऊन टायरच्या थरांवर पट्टी धरली आणि अडीच इंच कळवलं. असा माल पोचल्यावर पैसे द्यायच्या बोलीवर मिळत नाही, आधी भरावे लागतात. तिने भरले. मी त्यावर माझा नफा लावला नाही, एवढंच काय ते मी चांगलं वागले.

होळी झाली. काठीची होळी बघायला इकडून गाड्या भरून माणसं गेली आणि परत आली. पार्सल काही आलं नाही. मी विचारलं की उत्तर यायचं, ‘मॅडम, डिस्पॅच हो गया’. बबिता मात्र तगादा लावायची नाही. आठवड्यातून एकदा टेकडीवर येऊन, जिथे रेंज मिळते तिथून फोन करायची आणि विचारायची, “ताई, तुमची तब्येत बरी आहे ना?” त्यापुढे बुटाचं मीच बोलायचं.

एप्रिलमध्ये पार्सल आलं. पत्ता माझाच दिला होता, कारण तिच्या पाड्यापर्यंत कुरियर जात नाही. मी घाईने खोका फोडला. आत काळ्या बुटांचा जोड होता. दोन्ही बूट अगदी सारखे, शाळेतली मुलं घालतात तसे. तळाशी एका पिशवीत बोटभर जाडीचा फोमचा तुकडा होता. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, हा तुकडा आत घालायचा, उंची आपोआप मिळते.

त्या दिवशी मला पहिल्यांदा खरा राग आला. मी त्याला सोडलं नाही. त्याच्याकडून त्याच्या वरच्याचा नंबर काढला, त्या वरच्याकडून आणखी वरच्याचा. दोन दिवस हेच केलं. शेवटी दिल्लीतला एक माणूस फोनवर सापडला. आवाजावरून तरुण वाटला, उद्धट नव्हता. त्याने सरळ सांगून टाकलं की फोटो परदेशातल्या कुठल्या तरी साइटवरचा आहे. मागणी आली की बाजारातून जवळपासचं काहीतरी शोधून पाठवायचं, असा त्याचा धंदा.

मी विचारलं, “तो बूट तुम्ही स्वतः कधी पाहिलाय तरी का?”

तो म्हणाला, “नहीं मॅडम. आपने देखा था क्या?”

त्याने टोमणा मारला नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी फोन ठेवला. मीही पाहिला नव्हता. त्याच्यात आणि माझ्यात फरक एवढाच होता की बबिता माझ्या ओट्यावर येऊन बसली होती, मी तिचा पाय पाहिला होता आणि तरीही ‘असतो’ म्हणाले होते.

हे फोनवर सांगायचं माझ्याने होईना. तिचे पैसे आणि तो खोका घेऊन मी स्वतः निघाले. हे म्हणाले, “पार्सल देवाले तू सोता जाई ऱ्हायनी का?” मी म्हटलं, हो. मग त्यांनीच अक्कलकुव्याहून मोलगीच्या गाडीची वेळ काढून दिली. मोलगीपासून पुढे जीप, आणि जीप थांबते तिथून पायी.

मे महिना होता. पाड्यावर घराघराच्या अंगणात आमचुरासाठी कैरीच्या फोडी वाळत घातल्या होत्या. वासानेच तोंडाला पाणी सुटत होतं. बबिता मला घ्यायला उतारावरून खाली येत होती. खांद्याला वजनकाट्याची पिशवी, कारण ती तशीच कामावरून आली होती. ती समोर तोंड करून उतरत नव्हती. आडवी होऊन, डावा पाय आधी रोवून, मग टायरचा पाय त्याच्याजवळ आणत होती. कोरड्या, भर उन्हातल्या वाटेवर तिला इतकं जपून उतरावं लागत होतं. पावसाळ्यातलं चित्र मी डोळ्यांसमोर आणलं आणि नकोसं झालं.

घरात बसल्यावर मी खोका उघडून तिच्यापुढे ठेवला. “बबिता, मी चुकले,” असं म्हटलं. “मी न बघता हो म्हणाले. हे तुझे पैसे.”

तिने बूट पाहिले. म्हणाली, “मला वाटलं होतं नसेल. तरी वाटायचं, असेलही.”

तिचे वडील खाटेवर बसले होते. त्यांना मराठी फारसं येत नव्हतं. त्यांनी उजवा बूट हातात घेतला, वाकवून पाहिला, शिवण नखाने खरवडली, उलटा करून तळावर अंगठा दाबला. मग भिलीत काहीतरी बोलले. बबिता एकदम त्यांच्याकडे बघायला लागली.

“काय म्हणतात?” मी विचारलं.

“बाबा म्हणतात, बूट चांगला आहे. याला नुसतं खाली वाढवायचं बाकी आहे. टायर जड पडतो आणि त्यांच्याकडे दुसरं काही नाही. शहरात कोणी करणारा असेल, असं म्हणतात.”

इतके दिवस मी तयार बूट शोधत होते. तो करून घेता येईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. फोटो बघून बघून मला जगातली प्रत्येक वस्तू आधीच तयार होऊन कुठेतरी पडलेली आहे असं वाटायला लागलं होतं.

परत आल्यावर मी ह्यांना नंदुरबारला चौकशी करायला सांगितलं. वाहकाची ओळख गावभर असते. स्टेशनच्या बाजूला मोहनभाई नावाचे चपला शिवणारे कारागीर आहेत, असे बूट त्यांनी पूर्वी केले आहेत, असं कळलं. मी बूट घेऊन त्यांच्याकडे गेले आणि सवयीने फोन काढून त्यांना तो मूळ फोटो दाखवायला लागले. त्यांनी चष्मा वर केला, फोटोकडे पाहिलंही नाही.

“फोटो नको, बेन. पाय आणा,” ते म्हणाले. “आणि आधी हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा. मापाची जबाबदारी त्यांची, बुटाची माझी.”

बबिता आठवड्याची रजा घेऊन आली आणि आमच्याकडे उतरली. आत्यांनी तिला पोटभर खाऊ घातलं आणि तिच्याकडून आमचूर करायची तिकडची पद्धत विचारून घेतली. दुसऱ्या दिवशी आम्ही नंदुरबारच्या सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तिला अनवाणी उभं केलं आणि आखूड पायाखाली लाकडी पट्ट्या एकेक करून सरकवत गेले. प्रत्येक पट्टीनंतर मागे जाऊन तिची कंबर बघायचे. कंबर दोन्हीकडून सारखी झाली तिथे थांबले. चिठ्ठीवर लिहिलं, पावणेदोन इंच.

“पण मी अडीच मोजले होते,” बबिता म्हणाली.

“टायर दाबला जातो, झिजतो, म्हणून वडिलांनी जास्त लावला असेल,” डॉक्टर म्हणाले. “अडीच इंचांचा पक्का तळ घातला असता तर वर्षभरात कमरेने जीव नकोसा केला असता.”

दिल्लीच्या त्या माणसाने खरोखरच फोटोतला बूट, मी सांगितलेल्या मापाचा पाठवला असता तर काय झालं असतं? त्याच्याकडे माल नव्हता म्हणून आम्ही वाचलो. सुटकेचा इतका मोठा सुस्कारा मी आयुष्यात क्वचितच टाकला असेल.

मोहनभाईंनी चिठ्ठी वाचली, तिचा पाय मापला आणि चार दिवस घेतले. उजव्या बुटाचा तळ सोडवला, मध्ये हलक्या रबराचे थर एकावर एक चिकटवले, प्रत्येक थर घासून पुढे निमुळता केला, म्हणजे पाऊल टाकताना ठेच लागत नाही. सगळ्यात खाली मात्र खोल नक्षीचा, चिखलात धरणारा तळ बसवला. डाव्या बुटालाही तसाच तळ लावला. मी विचारलं, तो तर चांगला होता. ते म्हणाले, “एका पायाने धरायचं आणि दुसऱ्याने घसरायचं, असं कसं चालेल?”

बबिताने बूट घातले आणि दुकानासमोर उभी राहिली. पहिल्या दोन पावलांत अडखळली, कारण इतक्या वर्षांची झोकांडी खात चालायची सवय अंगात होती. मोहनभाई म्हणाले, “चढावर जाऊन या.” जवळच्या पुलाचा चढ ती चढून गेली. वर जाऊन वळली आणि खाली उतरली, समोर तोंड करून. येणाऱ्या-जाणाऱ्या रिक्षांना तिच्याकडे बघायचं काही कारण नव्हतं. मी मात्र पदर तोंडाला लावून रडत होते. ती जवळ आल्यावर म्हणाली, “ताई, रडू नका. मी अजून एकदा जाऊन येते.” आणि पुन्हा चढ चढायला लागली.

मग पावसाळा आला आणि माझी खरी परीक्षा सुरू झाली. जुलैत तिकडे सलग पाऊस लागला. बबिताचा फोन येईना. टेकडीवर जायला तिला उघडीप मिळत नसेल, अशी मी मनाची समजूत घालायचे. रात्री डोळ्यांपुढे तो उतार यायचा. बूट सुटला असेल का, रबर पाण्यात उकललं असेल का? साड्यांचे फोटो टाकायला हात जाईना. बायका विचारायच्या, ताई, नवीन काही नाही का?

सतरा-अठरा दिवसांनी मुख्यसेविका फॉल लावायची साडी घेऊन आल्या. मी पाणीही न विचारता बबिताचं विचारलं.

“तिचं काय? तिचे अहवाल आले सगळे,” त्या म्हणाल्या. “पाचही पाड्यांचे. लांबच्या पाड्यावर एक बाळ फार हलकं निघालं. तिने आईला आणि बाळाला मोलगीच्या दवाखान्यात आणून सोडलं. स्वतः चालत आली त्यांच्याबरोबर. बाळ आता बरं आहे.”

“आणि पाडे?”

“पाडे तिच्याकडेच. आता मी कशाला हलवू?”

मी त्यांच्या साडीचा फॉल त्या दिवशी फुकट लावून दिला. त्यांना कारण कळलं नाही. दोन दिवसांनी बबिताचाही फोन आला. नेहमीप्रमाणे आधी माझी तब्येत विचारली. मग म्हणाली, “एकदा घसरले, ताई. पण पडले नाही.”

त्यानंतर मी ग्रुपवर लिहून टाकलं की यापुढे मी स्वतः हातात घेऊन पाहिलेलाच माल विकीन. निम्म्या बायका गेल्या. स्वस्त देणारे पुष्कळ होते. मी महिन्यातून एकदा सुरतेला जाऊ लागले, मोजक्या साड्या आणून कपाटात ठेवू लागले. रंग विचारला तर खिडकीशी नेऊन दाखवते. ‘नाही’ म्हणायला लागलं तर ‘नाही’ म्हणते. धंदा लहान झाला आहे, पण फोन वाजला की पूर्वी जी धास्ती वाटायची ती आता वाटत नाही. एवढी शांत झोप मला त्या दहा वर्षांत मिळाली नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात बबिता बुटांचे तळ बदलायला नंदुरबारला आली. मीही गेले. मोहनभाईंनी दोन्ही बूट उलटे करून शेजारी शेजारी ठेवले. आधी टाचांवरून अंगठा फिरवला, मग कडांवरून, मग पुन्हा टाचांवरून.

“दोन्ही सारखे झिजलेत,” ते म्हणाले.

बबिता घाबरून माझ्याकडे बघायला लागली. “म्हणजे काही बिघडलंय का?”

“नाही, बेन,” मोहनभाई म्हणाले. “असेच झिजायला पाहिजेत.”